भाऊजींची एक जिलबी

प्रभाकर कुंभोजकर यांच्या निधनाची बातमी मीच लिहिली. इंदूरच्या ज्या हिंदी दैनिकात मी एकोणतीस वर्षं उपसंपादक म्हणून काढली, तिथं शोक-समाचाराचा मजकूर चार ओळींत बसवावा लागतो. नाव, वय अठ्ठावन्न, राहणार देवास, कारखान्यातून नुकतेच निवृत्त, मागे पत्नी आणि एक मुलगी, अल्पशा आजारानं निधन. कागद पुढं सरकवला आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत लक्षात आलं की शेवटचे शब्द चुकीचे आहेत. आजार अल्प नव्हता, चौदा वर्षांचा होता. आणि ते त्या आजारानं गेलेही नाहीत. दुरुस्ती करायला पुरेसा वेळ होता. मी केली नाही. त्याला आता सात आठवडे झाले.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे, शालूताईचे यजमान. मी त्यांना भाऊजी म्हणत असे, माझे पुतणे आतोबा. कऱ्हाडकडच्या एका लहान गावातून आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन ते सत्तरच्या दशकात देवासला आले. तेव्हा देवासला एकामागून एक कारखाने उघडत होते आणि महाराष्ट्रातून अशी पुष्कळ मुलं येत होती. त्यांचं काम तपासणीचं. मशीनवरून उतरलेला लोखंडी भाग हातात घ्यायचा, मायक्रोमीटरनं नाहीतर गेजनं मोजायचा, आकडा बघायचा आणि बरोबर असेल तर आपला शिक्का मारायचा. केसाच्या जाडीइतका फरक असला तरी तुकडा बाजूला. बोलणं कमी, आवाज हळू. पस्तीस वर्षांत ते कुणावर ओरडल्याचं मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा ते ओरडत नव्हते. पण ते पुढं येईल.

आमचं घर धारचं. पवारांच्या दरबाराबरोबर आलेल्या कुटुंबांपैकी एक. दरबार गेला, कामं गेली, नोकऱ्या आल्या. जुन्यापैकी एक गोष्ट तेवढी घरात राहिली, ती म्हणजे जेवायला वाढण्याची रीत. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या लेकी आणि जावई धारला यायचे आणि चाळीस-पन्नास पानांची पंगत बसायची. घरातल्या वडीलधाऱ्यानं नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी तोंडात काही घालायचं नाही, आणि शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कुणी उठायचं नाही. जिलबी वाढण्याचं काम अठराव्या वर्षापासून माझ्याकडं होतं. ते मला वडिलांनी शिकवलं. पानातली संपायच्या आधी दुसरी पडली पाहिजे. पहिल्या दोन वेळचं 'नको' ऐकायचंच नाही, ते शिष्टाचाराचं असतं. माणसानं पानावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून जिलबी खाली सोडायची. मला ते इतकं जमत असे की लोक माझ्या हाताची तारीफ करत. ताईच्या दिवाळसणाला मी भाऊजींच्या पानात एकोणीस जिलब्या घातल्या. त्यांनी सगळ्या खाल्ल्या, कारण टाकायचं नाही एवढंच त्यांना त्यांच्या घरी शिकवलेलं होतं. वडील खूश झाले. "दिसायला काडी आहे, पण जावई आपल्या पंगतीचा आहे," असं ते पुढं कितीतरी वर्षं सांगत राहिले.

त्र्याण्णव साली पावसाळ्यात त्यांच्या हातून एक चूक झाली. मापात न बसणारे काही तुकडे त्यांच्या शिक्क्यानिशी पुढं गेले. दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायच्या आत त्यांनी स्वतःच साहेबांना जाऊन सांगितलं. आकडा बघितला होता, पण रेघ धूसर दिसली होती. डोळ्याच्या डॉक्टरनं आत बघून लगेच रक्त तपासायला पाठवलं. मधुमेह होता, आणि बराच आधीपासून असावा. डोळ्यांच्या पडद्यावर ठिपके आले होते. त्या आठवड्यात मी देवासला त्यांच्या क्वार्टरवर गेलो. टेकडीकडं तोंड करून बाहेर खुर्च्या टाकल्या होत्या. ते म्हणाले, "पाय गेला तरी स्टुलावर बसून माप घेता येतं. डोळे गेले तर माझा शिक्का कोण मानणार? रिटायर होईपर्यंत डोळे पाहिजेत मला. बाकी काही नको." चौदा-पंधरा वर्षं नोकरी बाकी होती. हे एवढंच त्यांचं मागणं होतं, आणि पुढचं सगळं त्यांनी त्याच्याच हिशेबानं केलं.

गोड पूर्ण सोडायचं, असं त्यांनी ठरवलं नाही. "सणाला जायचं आणि वाळीत टाकल्यासारखं बसायचं, हे मला जमणार नाही," असं ते म्हणत. त्यांनी कारखान्यातल्या तपासणीसारखा जेवणाचा एक क्रम लावला. पंगतीला जाण्याआधी घरून अर्धी ज्वारीची भाकरी आणि भाजी खाऊन निघायचं. पंगतीत शेवटच्या पानावर, भिंतीला लागून बसायचं, म्हणजे वाढणारा एकाच बाजूनं येतो. पान वाढून झालं की हात मांडीवर ठेवून मिनिटभर नुसतं बघायचं; काय काय आहे, कशाचा वास येतोय, आपल्याला खरोखर काय हवंय. गोडाचा एकच पदार्थ ठरवायचा. आधी कोशिंबीर, मग भाजी, वरण, मग तो एक पदार्थ. जिलबी असेल तर हरभऱ्याएवढा तुकडा मोडायचा, तोंडात ठेवायचा, आणि तो संपेपर्यंत हात पुन्हा पानाकडं न्यायचा नाही. मी एकदा विचारलं की यात मजा काय उरते. त्यांनी गंभीरपणे उत्तर दिलं: "पहिला तुकडा लागतो तसा दुसरा लागत नाही. तिसरा त्याहून कमी. सातव्यानंतर मी जिलबी खात नसतो, नुसतं तोंड हलवत असतो. तू एकोणीस वाढल्यास तेव्हा मला एकीचीही चव आठवत नव्हती."

त्या वर्षीची दिवाळीची पंगत घरातल्या सगळ्यांच्या लक्षात राहिली. जिलबीची परात घेऊन मी दोनदा त्यांच्यापुढून गेलो, दोन्ही वेळा त्यांनी हात आडवा धरला. पंगत जेवून बसली होती आणि ते चौथ्या तुकड्यावर होते. माझा एक चुलतभाऊ वैतागून म्हणाला, "भिया, ही एक जिलबी संपेस्तोवर देवउठनी ग्यारस येईल!" कार्तिकी एकादशीला अजून आठवडा होता. सगळे हसले, भाऊजीही हसले, आणि त्यांनी पाचवा तुकडा मोडला. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आमच्याकडून काही चुकलं का, प्रभाकरराव? पान तसंच आहे."

"चुकलं काही नाही, आई. डॉक्टरनं सांगितलंय..."

"डॉक्टरला सणवार कळतात होय? तुमच्यासाठी मुद्दाम गुळाचे अनारसे केलेत. साखरेचा कण नाही त्यात."

गूळही साखरच, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. आईला ते उद्धट वाटलं. तेवढ्यात मी मागून येऊन त्यांच्या बोटांच्या फटीतून दोन जिलब्या सोडल्या. पंगतीनं वाहवा केली. त्यांनी त्या दोन जिलब्या पानाच्या कडेला सरकवल्या आणि तशाच ठेवून उठले. जावयानं पानात गोड टाकलं, म्हणून आई त्या दिवशी जेवली नाही. पुढच्या तीन दिवाळ्यांत भाऊजींनी तीन-तीन जिलब्या खाल्ल्या, आईनं जेवावं म्हणून. त्या प्रत्येक दिवाळीनंतर देवासला परतल्यावर ते डोळे तपासून घ्यायला जात, हे ताईनं मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

देवासच्या कॉलनीतही फारसं वेगळं नव्हतं. दिवाळीत चार दिवसांत दहा-बारा घरी फराळाला जावं लागे. कुठं चकली-अनारसे, कुठं गुजिया, कुठं मावा-बाटी. शेजारचे तिवारीजी ताटली पुढं करून म्हणत, "कुंभोजकर साब, गुजिया है, बम नहीं है!" भाऊजी म्हणत, "चौथाई दे दो भिया, प्यार से." ती चतुर्थांश गुजिया ते सगळी बैठक संपेपर्यंत पुरवत. लोक त्यांची नक्कल करत. डोळे मिटून चिमूटभर चिवडा चावण्याची ती नक्कल मीही केली आहे. मग एकेकाचं वय वाढलं. तिवारीजींनाच साखर निघाली, आणि एका संध्याकाळी ते वही घेऊन भाऊजींकडं आले. "वो आपका सिस्टम जरा लिखवा दो." भाऊजींनी लिहून दिलं, टोमणा न मारता.

आमच्या घरात बदल व्हायला मरण यावं लागलं. वडिलांनाही साखर होती आणि त्यांनी ती सगळ्यांपासून लपवली होती. जावयाला पथ्यावरून हसणारा माणूस स्वतः कोठीच्या खोलीत गोळ्या ठेवत होता आणि शेजारच्या डब्यातले लाडू खात होता. आधी पायाचा अंगठा काळा पडला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. त्या चार महिन्यांत भाऊजी दर रविवारी देवासहून दोन बसगाड्या बदलून धारला येत आणि जखम स्वतः धुऊन बांधत. ते काम आम्ही मुलं टाळत होतो, वासामुळं. वडील त्यांना एकदा म्हणाले, "तुमचं ऐकायला हवं होतं." भाऊजी म्हणाले, "मी तुम्हाला कधी काही सांगितलंच नाही, बाबा. मला वाटलं, ते बरं दिसणार नाही." वडील त्या वर्षीच्या दिवाळीआधीच गेले.

त्यानंतर आईनं घरात हुकूम काढला की यापुढं या घरात कुणी कुणाला दुसऱ्यांदा विचारायचं नाही. भाऊजींचं पान वेगळं लागू लागलं: भाकरी, कोशिंबीर, पालेभाजी, आणि एक जिलबी. एकच. ती मी वाढायचो, आणि परात उचलून पुढं जायचो. हळूहळू मी त्यांचा पहारेकरी झालो. कुठल्या लग्नात, कुठल्या सणाला त्यांच्या ताटाकडं कुणी बासुंदी घेऊन आलं की मीच मध्ये हात घालायचो. "भाऊजींना नको. त्यांना चालत नाही." मला त्याचा अभिमान होता, जुनं पाप फिटतंय असं वाटे. एकदा असंच मी कुणाच्या तरी हातातली वाटी परस्पर परत पाठवली, तेव्हा ते हात पुसत म्हणाले, "तू अजून वाढपीच आहेस बघ. आधी भरायचास, आता काढून घेतोस. बघतोस मात्र पानाकडंच. माणसाकडं बघत नाहीस." मी हसलो. तेही हसले. मी त्यावर विचार केला असं मला आठवत नाही.

आमच्या घरचं वेगळं पान पक्कं झाल्यावर त्यांनी एक गोष्ट सोडली. धारला येताना घरून अर्धी भाकरी खाऊन निघणं. आता त्याची गरज उरली नव्हती. आपल्या माणसांत जेवायला जाताना बचाव कशाला करायचा, असं ते ताईला म्हणाले.

दोन हजार चारपासून त्यांना इन्सुलिन सुरू झालं. जेवणाआधी अर्धा तास पोटावर सुई घ्यायची आणि मग वेळेवर जेवायचं. त्याच सुमारास त्यांनी माझ्याकडं एक वस्तू मागितली. आमच्या दैनिकात फोटोग्राफर लोकांच्या टेबलावर रोलच्या रिकाम्या डब्या पडलेल्या असत. काळ्या प्लास्टिकच्या, करड्या झाकणाच्या, घट्ट बसणाऱ्या. त्यांतली एक मी त्यांना नेऊन दिली. त्यांनी ती खडीसाखरेनं भरली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला समोर बसवून सांगितलं. मला तो संवाद पूर्ण आठवतो, कारण ऐकलेलं लक्षात ठेवणं हाच माझा धंदा होता.

"सुई घेतली आणि जेवण लांबलं, तर माझी साखर उतरणार. घाम येईल. हात कापतील. मी काहीतरी वेड्यासारखं बोलेन, चिडेनसुद्धा. तेव्हा मला विचारत बसू नकोस. ही तोंडात घाल."

"तुम्हाला साखर घालायची?"

"घालायची. आयुष्यात एवढा एकच आग्रह मला हवाय."

त्यानंतर घराबाहेर पडताना खिसा चाचपायची त्यांना सवय लागली. चष्मा, किल्ली, डबी. ताई दारातून विचारी, "घेतलं?" आणि ते खिशावर दोन बोटं वाजवून दाखवत. डबीत खडे खुळखुळत.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशीही त्यांनी दुपारपर्यंत माप घेतलं. संध्याकाळी फोनवर म्हणाले, "डोळे पुरले." त्यांच्या आवाजात तेवढा आनंद मी आधी ऐकला नव्हता. चौदा वर्षं त्यांनी ज्याच्यासाठी एकेक घास मोजला, ते त्यांना मिळालं होतं. आता दिवाळीला येऊन चार दिवस धारला राहू, असं ते म्हणाले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ताई आणि भाऊजी धारला पोहोचले. आईनं जावयासाठी निवृत्तीचा म्हणून सिल्कचा कुडता आणून ठेवला होता. दिलेला कपडा तिथंच अंगावर घालून दाखवायचा, ही आमच्याकडची पद्धत. त्यांनी शर्ट काढून मधल्या खोलीतल्या खुंटीला अडकवला आणि कुडता घातला. आईला नमस्कार केला. ताई आल्या आल्या सोवळ्यात स्वयंपाकघरात गेली. नैवेद्याचं पुरण तिच्याकडं असतं.

वडिलांच्या मागे घरात वडीलधारे म्हणजे इंदूरच्याही पलीकडच्या खातेगावचे काका. नैवेद्य ते दाखवतात. ते पहाटेच्या बसनं निघणार होते. पावणेबाराला भाऊजींनी मला विचारलं, "पंगत कधी बसेल?" मी ओसरीवरून पुतण्याला हाक मारली. त्यानं मोबाइल कानाला लावला, बोलला आणि ओरडून म्हणाला, "काका निघाले." मी भाऊजींना सांगितलं, "निघालेत. अर्ध्या तासात पानं मांडतो." कुठून निघाले, हे मी विचारलं नाही. ते इंदूरच्या बस-स्टँडवरून निघाले होते. तिथून धार, सणाच्या गर्दीत, दोन तासांच्या वर. एकोणतीस वर्षं मी बातमीदारांच्या कॉपीवर लाल पेननं 'कुठून? किती वाजता?' असं लिहीत आलो होतो. भाऊजी मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी सुई घेतली.

सव्वा वाजता ते ओसरीवर भिंतीला टेकून गप्प बसले होते. मी पाहिलं, मला वाटलं, प्रवासानं दमलेत. पावणेदोनला मागच्या अंगणात आचारी जिलबीचा घाणा काढत होता आणि मी परातीजवळ उभा होतो. भाऊजी आले. नोव्हेंबरच्या हवेत त्यांचा नवा कुडता पाठीला चिकटला होता. त्यांनी न बोलता एका ताटलीत तीन-चार जिलब्या उचलल्या. आत नैवेद्य व्हायचा होता, आणि माणूस मधुमेही. मी त्यांचा हात धरला.

"भाऊजी, हे काय? अजून नैवेद्य नाही झाला. आणि तुम्हीच असं करायला लागलात तर?"

"सोड," ते म्हणाले. मग म्हणाले, "शिफ्ट सुटली का? गेज कुठं ठेवलंय?"

पुतणे हसायला लागले. एक जण म्हणाला, "आतोबा रिटायर होऊन बिघडले!" मीही हसलो आणि त्यांच्या हातातली ताटली काढून घेतली. तेव्हा ते ओरडले. शब्द नव्हते त्यात, नुसता आवाज. त्यांनी मला छातीवर ढकललं. पुतण्यांसमोर, आचाऱ्यासमोर. मला अपमान वाटला. ताटलीतल्या जिलब्या मी परातीत परत टाकल्या आणि पाठ फिरवली. ते मधल्या खोलीत गेले आणि पलंगावर आडवे झाले. मी दारातून बघितलं, डोळे मिटलेले होते. कुणीतरी म्हणालं, बी.पी. वाढलं असेल, झोपू द्या. दोनच्या सुमारास ताईनं आतून हाक मारून विचारलं, "अरे, ह्यांनी काही खाल्लं का?" सोवळ्यात असल्यामुळं ती बाहेर येत नव्हती. मी म्हणालो, "झोपलेत. आराम करू दे."

ज्या खोलीत ते झोपले होते, तिथंच, त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर, खुंटीला त्यांचा शर्ट होता.

काका अडीचला आले. नैवेद्य व्हायला तीन वाजले. पानं मांडली, शेवटचं पान भिंतीला लागून, त्यात भाकरी, कोशिंबीर, एक जिलबी. मी त्यांना उठवायला गेलो. ते उठले नाहीत. ओठांच्या कोपऱ्यात फेस होता. जीपनं दवाखान्यात नेलं. बोट टोचून साखर पाहिली, ती सव्वीस होती. एवढ्यावर माणसाला शुद्ध राहत नाही, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत साखर वर आली. ते वर आले नाहीत. संध्याकाळी इंदूरला हलवलं. पुण्याहून त्यांची मुलगी आली. नवव्या दिवशी सकाळी ते गेले. त्याआधी एकदा मी तिथल्या तरुण डॉक्टरला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारलं होतं की नेमकं काय व्हायला हवं होतं. तो म्हणाला, "घाम आला तेव्हा चमचाभर साखर तोंडात पडली असती, तर ते स्वतःच्या पायांनी पंगतीत जाऊन बसले असते." कसली साखर, असं मी विचारलं. तो म्हणाला, कसलीही. जिलबीसुद्धा चालली असती.

त्याच कॉरिडॉरमध्ये, बाकावर, ताईनं मला विचारलं होतं, "मी आत होते तेव्हा त्यांनी काही मागितलं होतं का रे?"

मी म्हणालो, "नाही."

पुतण्यांनीही तिला काही सांगितलं नाही. बहुधा त्यांना काही कळलंच नसावं. त्यांच्या लेखी आतोबा चिडले आणि झोपले. जाणणारा मी एकटा होतो. तेराव्याला देवासला जेवण झालं. लाडू होते. वाढणारा माझ्यापाशी थांबला. मी पहिल्या खेपेलाच हात आडवा धरला आणि तो पुढं गेला. शेजारी तिवारीजी होते. त्यांनी लाडवाचा हरभऱ्याएवढा तुकडा मोडला, तोंडात ठेवला आणि हात मांडीवर घेतला. पंगत त्यांच्यासाठी थांबून राहिली.

मागच्या आठवड्यात धारला गेलो होतो. शर्ट अजून खुंटीला होता. आईनं तो कुणाला काढू दिला नव्हता. ती आता जिलबीचं नाव काढत नाही. "जावयाचा शर्ट आहे, लेकीच्या घरी पोचव," एवढंच म्हणाली. तो घडी न घालता तसाच घेऊन मी देवासला गेलो. बसमध्ये मांडीवर ठेवला होता. वळणावर खिशातून खुळखुळ ऐकू येई.

ताईला मी इथवरचा हा मजकूर वाचून दाखवला. छापायला देण्याआधी तो तिनं ऐकायला हवा होता. ती भिंतीकडं बघत ऐकत होती. ताटलीचा भाग आला तेव्हा मी थांबलो. ती म्हणाली, "वाच." मी शेवटपर्यंत वाचलं.

मग तिनं विचारलं, "किती वाजता?"

"पावणेदोन."

"मी तेव्हा पुरण वाटत होते," ती म्हणाली. "तुमचं हसणं ऐकू आलं मला. मला वाटलं, बरं चाललंय."

एवढंच. तिनं मला दोष दिला नाही, माफही केलं नाही. मी दोन्हींची वाट बघत होतो. तिनं शर्ट उचलला, खिशातून डबी काढली आणि माझ्यासमोर स्टुलावर ठेवली. मी ती तीन वर्षांपूर्वी दिली, त्यानंतर हातात घेऊन कधी पाहिली नव्हती. काळ्या प्लास्टिकवर पांढऱ्या पट्टीचा एक तुकडा चिकटवलेला होता. त्यावर, कारखान्यात मापाच्या हत्यारांवर नंबर घालतात तशा बारीक, सरळ, सुट्या अक्षरांत त्यांनी लिहिलं होतं: 'साखर उतरल्यास तोंडात घालावी. मी नको म्हणालो तरी.'

ते नको म्हणाले नव्हते.